बेनेटन : एका इटालियन वस्त्र-नाममुद्रेचा उदय आणि ऱ्हास (१९६५ ते २०२४)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील युरोपच्या आर्थिक इतिहासात इटलीच्या वस्त्रोद्योगाला महत्त्वाचे स्थान आहे. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या या देशाने पुढील तीन-चार दशकांत पोशाखाच्या क्षेत्रात जगाचे नेतृत्व मिळविले. मिलान, रोम व फ्लॉरेन्स येथील उंची वस्त्रगृहांचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. तथापि मध्यमवर्गीय तरुणांसाठी परवडणारे रंगीत स्वेटर तयार करणाऱ्या बेनेटन या नाममुद्रेचा इतिहास आर्थिक व सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला काही अंशी अधिक बोधप्रद ठरतो. श्रीमंतांच्या हौसेपेक्षा हा इतिहास घरगुती विणकाम करणाऱ्या स्त्रिया, छोटे कारखानदार, दुकानदार आणि भांडवल यांच्या परस्परसंबंधांविषयी अधिक सांगतो.

१९६५ मध्ये चार भावंडांनी स्थापन केलेली ही कंपनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस जगभरात सुमारे पाच हजार दुकानांतून माल विकत होती. २०११ मध्येही तिची वार्षिक विक्री सुमारे २०३ कोटी युरो होती. २०२३ मध्ये ती सुमारे ११० कोटी युरोंवर आली आणि त्या एका वर्षात कंपनीला सुमारे २३ कोटी ५० लाख युरोंचा तोटा झाला. या ऱ्हासाची दोन कारणे सामान्यतः सांगितली जातात. एक म्हणजे वादग्रस्त जाहिरातींमुळे दुरावलेला ग्राहक आणि दुसरे म्हणजे झारा, एच अँड एम यांसारख्या नव्या स्पर्धकांचा उदय. ही कारणे चुकीची नाहीत. परंतु ती अपुरी आहेत. ज्या व्यवस्थेने बेनेटनला मोठे केले, तीच व्यवस्था तिच्या ऱ्हासाचेही मूळ होती काय, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात वेध घेतला आहे. बेनेटनने उत्पादनाची, विक्रीची आणि काही प्रमाणात प्रतिमेचीही जोखीम कंपनीच्या बाहेर ठेवली. जोखीम बाहेर गेली तेव्हा तिच्याबरोबर बाजाराचे प्रत्यक्ष ज्ञानही बाहेर गेले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. पार्श्वभूमी : व्हेनेतो प्रांत आणि 'तिसरी इटली'

बेनेटनची जन्मभूमी ईशान्य इटलीतील व्हेनेतो प्रांतात, त्रेव्हिझो शहरानजीक आहे. हा प्रांत आज समृद्ध असला तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापर्यंत तो दारिद्र्य आणि स्थलांतर यांसाठी ओळखला जात असे. येथील हजारो शेतकरी कुटुंबे पोटासाठी ब्राझील, अर्जेंटिना आणि पुढे उत्तर युरोपातील देशांत गेली. मागे राहिलेल्या कुटुंबांकडे लहान शेतजमिनी, कष्टाची सवय आणि घरातील सर्वांनी मिळून काम करण्याची परंपरा होती.

इटलीच्या वायव्येला तुरीन-मिलान-जिनोव्हा हा मोठ्या कारखान्यांचा पट्टा आणि दक्षिणेला मागास शेतीप्रधान प्रदेश, अशी देशाची दुहेरी विभागणी दीर्घकाळ केली जात होती. समाजशास्त्रज्ञ अर्नाल्दो बान्यास्को यांनी १९७७ मध्ये या मांडणीत 'तिसऱ्या इटली'ची भर घातली. व्हेनेतो, एमिलिया-रोमान्या, तोस्काना आदी प्रांतांत लहान लहान कारखान्यांच्या जाळ्यातून होणारे औद्योगिकीकरण हे या तिसऱ्या इटलीचे वैशिष्ट्य होते. १९८४ मध्ये मायकेल पिओरी व चार्ल्स सेबल या अमेरिकन अभ्यासकांनी या नमुन्याला प्रचंड कारखान्यांतील एकसाची उत्पादनाचा पर्याय म्हणून जगापुढे ठेवले.

या छोट्या कारखान्यांच्या वाढीला कायद्याचाही हातभार लागला. १९५६ च्या कायद्याने कारागिरांच्या उद्योगांना स्वतंत्र मान्यता मिळाली व त्यांना अनेक सवलतींचा लाभ घेता आला. १९६९ च्या शरद ऋतूत उत्तर इटलीतील मोठ्या कारखान्यांत कामगारांचे तीव्र आंदोलन झाले आणि त्यानंतर १९७० मध्ये कामगार हक्कांचा कायदा संमत झाला. अन्याय्य रीतीने कामावरून काढलेल्या कामगाराला परत घेण्याची या कायद्यातील तरतूद पंधरापर्यंत कामगार असलेल्या उत्पादन-घटकांना मात्र लागू नव्हती. परिणामी, एक मोठा कारखाना चालविण्यापेक्षा अनेक छोट्या कारखान्यांकडून काम करून घेणे मालकवर्गाला अधिक सोयीचे वाटू लागले. बेनेटनचा उदय या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो.

२. बेनेटन कुटुंब आणि उत्पादनपद्धती

लुचियानो (जन्म १९३५), जुलियाना (१९३७), जिल्बेर्तो (१९४१) आणि कार्लो (१९४३) ही चार भावंडे लहान असतानाच, १९४५ मध्ये, त्यांच्या वडिलांचे निधन झाले. थोरल्या लुचियानोने शाळा सोडून त्रेव्हिझोतील कापडाच्या दुकानात नोकरी धरली, तर जुलियाना विणकामाच्या कारखान्यात काम करू लागली. करड्या व गडद निळ्या रंगांच्या त्या काळात जुलियानाने विणलेले उजळ रंगांचे स्वेटर तरुण ग्राहकांना आवडतात, हे लुचियानोच्या लक्षात आले. १९५० च्या दशकाच्या मध्यास आपले अकॉर्डियन आणि धाकट्या भावाची सायकल विकून त्याने विणकामाचे एक जुने यंत्र घेतले, अशी या उद्योगाच्या प्रारंभाची कथा कुटुंबाकडून सांगितली जाते. पुढे कामाची वाटणी निश्चित झाली. विक्री व प्रसिद्धी लुचियानोकडे, वस्त्ररचना जुलियानाकडे, हिशेब व भांडवल जिल्बेर्तोकडे आणि उत्पादन कार्लोकडे, अशी ही वाटणी अनेक दशके टिकली.

१९६५ मध्ये पोंझानो व्हेनेतो येथे कंपनीची रीतसर स्थापना झाली. तेथील कारखान्याची रचना आफ्रा आणि तोबिया स्कार्पा या वास्तुरचनाकार दांपत्याने केली. भांडवल अपुरे असल्याने प्रारंभी मोजे विणण्याची जुनी यंत्रे स्वस्तात घेऊन त्यांत स्वेटर विणण्याजोगे बदल करण्यात आले. तथापि कंपनीचे खरे वेगळेपण रंगाईत होते. लोकरीच्या वस्त्रोद्योगात प्रथम सूत रंगविण्याची आणि नंतर ते विणण्याची पद्धत होती. त्यामुळे कोणता रंग खपेल याचा निर्णय हंगामाच्या कित्येक महिने आधी घ्यावा लागे आणि तो चुकल्यास माल पडून राही. बेनेटनने काही माल बिनरंगी सुताचा विणून ठेवण्यास व मागणीचा कल दिसू लागल्यावर तयार स्वेटर रंगविण्यास सुरुवात केली. ही पद्धत अधिक खर्चाची होती. परंतु न खपणाऱ्या रंगाचा साठा टळत असल्याने एकंदरीत ती फायदेशीर ठरली.

रंगाई, कापणी व तपासणी यांसारखी भांडवलप्रधान किंवा कौशल्याची कामे कंपनीने स्वतःकडे ठेवली. विणाई, शिलाई, जोडणी आणि इस्त्री ही अधिक मनुष्यबळाची कामे मात्र भोवतालच्या गावांतील छोट्या कारखान्यांना आणि त्यांच्यामार्फत घरी काम करणाऱ्या स्त्रियांना देण्यात आली. यांपैकी अनेक छोट्या कारखान्यांचे मालक पूर्वी कंपनीतच नोकरीला होते. त्यांना कामाची हमी मिळे, परंतु यंत्रे त्यांची, मजुरांची जबाबदारी त्यांची आणि मागणी घटल्यास रिकाम्या बसलेल्या हातांचा भारही त्यांचाच. तेजीत सर्वांनाच काम मिळे, मंदीत मात्र कपात प्रथम कंपनीच्या भिंतींबाहेर होई.

या व्यवस्थेच्या मूल्यमापनात अभ्यासकांत मतभेद आहेत. पिओरी-सेबल यांच्या परंपरेतील अभ्यासकांना त्यात स्वायत्त कारागिरांचे सहकार्य दिसले. बेनेट हॅरिसन यांनी मात्र १९९४ मध्ये असे दाखवून दिले की, अशा जाळ्यांत उत्पादन विखुरलेले असले तरी सत्ता आणि भांडवल मध्यवर्ती कंपनीच्याच हाती असते. बेनेटनच्या पुढील इतिहासाने हॅरिसन यांच्या मताला अधिक पुष्टी दिली. कंपनीने नंतर उत्पादन अन्यत्र नेले तेव्हा त्या निर्णयात या तथाकथित सहकारी कारागिरांना कोणताही आवाज नव्हता.

३. विक्रीव्यवस्था : दुकान नाव बेनेटनचे, जोखीम दुकानदाराची

उत्पादनातील हेच तत्त्व विक्रीतही अवलंबिले गेले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल्लुनो या डोंगरी शहरात पहिले दुकान निघाले आणि १९६९ मध्ये पॅरिसमध्ये परदेशातील पहिले दुकान सुरू झाले. ही दुकाने लहान असत. ग्राहक आणि माल यांच्यामध्ये विक्रेत्याचा गल्ला नसे. उघड्या फळ्यांवर रंगांच्या क्रमाने रचलेले स्वेटर ग्राहकाला स्वतः हाताळता येत. तरुण ग्राहकाला हा अनुभव नवा होता आणि रंगांची ही रचना हीच दुकानाची मोठी जाहिरात होती.

ही दुकाने बहुतांशी कंपनीच्या मालकीची नव्हती, तसेच रूढ अर्थाने ती फ्रँचायझीही नव्हती. दुकानदाराकडून कंपनी नाव वापरण्याबद्दल शुल्क किंवा विक्रीतील हिस्सा घेत नसे. दुकानदाराने स्वतःच्या खर्चाने, कंपनीने ठरविलेल्या पद्धतीने दुकान सजवायचे, केवळ बेनेटनचाच माल ठेवायचा आणि मागविलेला माल परत करायचा नाही, एवढीच अट असे. कंपनी आणि दुकानदार यांच्यामध्ये प्रादेशिक एजंट असत. ते नवे दुकानदार निवडीत, मागणी गोळा करीत, त्यावर कमिशन मिळवीत आणि पुष्कळदा स्वतःही काही दुकानांत भागीदार असत.

या पद्धतीमुळे अत्यल्प भांडवलात दुकानांचे जाळे वेगाने पसरले. दुकानदाराची मागणी हंगामापूर्वी नोंदविली गेल्याने उत्पादन सुरू होण्यापूर्वीच मालाचा मोठा भाग विकला गेलेला असे. कास्त्रेत्ते येथील संगणकनियंत्रित स्वयंचलित गोदामातून हा माल जगभर जाई आणि १९८० च्या दशकात व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमांत बेनेटनचे उदाहरण आवर्जून शिकविले जाई. १९८६ मध्ये कंपनीचे समभाग मिलानच्या शेअर बाजारात आले.

परंतु या हिशेबात एक मूलभूत त्रुटी होती. कंपनीच्या दृष्टीने माल दुकानदाराला विकला गेला की विक्री पूर्ण होत असे. तो माल अखेरच्या ग्राहकाने घेतला की फळीवर पडून राहिला, हे कंपनीच्या ताळेबंदात लगेच उमटत नसे. या त्रुटीचा पहिला इशारा अमेरिकेत मिळाला. तेथे १९८० च्या दशकात दुकानांची संख्या सुमारे सातशेपर्यंत गेली. ती एकमेकांच्या इतकी जवळ होती की दुकानदारांना परस्परांशीच स्पर्धा करावी लागली. पुढील काही वर्षांत त्यांतील बहुसंख्य दुकाने बंद पडली. नवे दुकान निघाले की कंपनीची विक्री वाढे. तोट्यात गेलेल्या दुकानाची झळ मात्र प्रथम त्याच्या मालकाला बसे. त्यामुळे विस्तार कोठे थांबवावा हे सांगणारी यंत्रणाच या व्यवस्थेत नव्हती.

४. जाहिराती : प्रतिमेचे भांडवल आणि तिची किंमत

१९८२ मध्ये छायाचित्रकार ओलिविएरो तोस्कानी बेनेटनच्या जाहिराती करू लागले. प्रारंभी निरनिराळ्या वर्णांची तरुण मुले-मुली रंगीत स्वेटर घालून एकत्र हसताना दाखविली जात. १९८० च्या दशकाच्या मध्यास 'युनायटेड कलर्स ऑफ बेनेटन' हे घोषवाक्य रूढ झाले आणि पुढे तेच नाममुद्रेचे नाव बनले. १९८९ नंतर जाहिरातींतून वस्त्रे जवळजवळ अदृश्य झाली. गोऱ्या बालकाला स्तनपान देणारी कृष्णवर्णीय स्त्री (१९८९), नाळ न तुटलेले नवजात अर्भक (१९९१), बोस्नियातील मृत सैनिकाचा रक्ताळलेला पोशाख (१९९४) अशी चित्रे आणि कोपऱ्यात कंपनीचा छोटा हिरवा आयत, एवढेच जाहिरातीत असे. १९९२ मध्ये एड्सने मरणासन्न झालेला डेव्हिड किर्बी व त्याचे शोकाकुल कुटुंबीय यांचे थेरेस फ्रेअर यांनी टिपलेले छायाचित्र, कुटुंबाच्या संमतीने, जाहिरातीत वापरले गेले. त्या काळात एड्सग्रस्तांना मिळणारी वागणूक लक्षात घेता या चित्राने जनमत हलविले, असे अनेकांना वाटते. इतरांना ते दुःखाचे बाजारीकरण वाटले.

या वादाचे कायदेशीर पडसाद जर्मनीत उमटले. तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९९५ मध्ये तेलाने माखलेला पक्षी, बालकामगार आणि मानवी शरीरावरील 'एच.आय.व्ही. पॉझिटिव्ह' हा शिक्का दाखविणाऱ्या जाहिराती अनुचित व्यापारी प्रथा म्हणून निषिद्ध ठरविल्या. घटनात्मक न्यायालयाने २०००  मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये हा निर्णय रद्द करून, जाहिरातीलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे असे स्पष्ट केले. विधिशास्त्राच्या अभ्यासात हे निकाल आजही महत्त्वाचे मानले जातात.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, जाहिरातींची कीर्ती कंपनीला मिळाली, तर ग्राहकांच्या रोषाला प्रत्यक्ष तोंड द्यावे लागले ते दुकानदारांना. १९९० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीतील काही दुकानदारांनी जाहिरातींमुळे धंदा बुडाल्याचे सांगून मालाचे पैसे देण्यास नकार दिला आणि हा वाद न्यायालयात गेला. जाहिरातीचा मजकूर ठरविण्यात या दुकानदारांना कोणतेही स्थान नव्हते. अशा रीतीने उत्पादन व विक्री यांच्या जोखमीप्रमाणे प्रतिमेची जोखीमही बाहेरच्यांवर पडली.

जानेवारी २००० मध्ये अमेरिकेतील मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या कैद्यांची छायाचित्रे घेऊन केलेली मोहीम निर्णायक ठरली. बळी पडलेल्यांच्या नातेवाइकांनी तीव्र निषेध केला, मिसूरी राज्याने कंपनीविरुद्ध दावा दाखल केला आणि सिअर्स या मोठ्या विक्रीसाखळीने आपल्या दुकानांतून बेनेटनचा माल विकण्याचा नुकताच केलेला करार मोडला. त्याच वर्षी तोस्कानी कंपनीतून बाहेर पडले. अमेरिकेच्या बाजारात पुन्हा पाय रोवण्याची संधी त्यानंतर कंपनीला तशी मिळाली नाही. २०११ मध्ये पोप आणि अल-अझहरचे इमाम परस्परांचे चुंबन घेत असल्याचे जोडचित्र प्रसिद्ध करून जुनी पद्धत पुन्हा आजमावली गेली. व्हॅटिकनच्या निषेधानंतर ते मागे घ्यावे लागले. त्या मोहिमेला जाहिरातक्षेत्रातील पारितोषिक मिळाले. कंपनीच्या विक्रीची घसरण मात्र थांबली नाही.

५. नवी स्पर्धा आणि ज्ञानाचा अभाव

पुढे इन्डिटेक्स समूह म्हणून ओळखल्या गेलेल्या स्पेनमधील उद्योगाने १९७५ मध्ये आ कोरुन्या येथे झारा नावाचे पहिले दुकान उघडले. बेनेटनप्रमाणेच या समूहानेही भोवतालच्या गावांतील छोट्या शिलाई-कारखान्यांचा उपयोग केला आणि मागणी पाहून उत्पादन करण्याचे तत्त्व स्वीकारले. किंबहुना कल दिसल्यावर माल रंगविण्याची बेनेटनची कल्पना ही या नव्या पद्धतीची पूर्वसूरीच होती. फरक होता तो दुकानांच्या मालकीत. इन्डिटेक्सची बहुतेक दुकाने स्वतःची होती. कोणते वस्त्र किती खपले, कोणते परत आले, ग्राहक काय मागत होता, ही माहिती दररोज मुख्यालयात पोहोचे आणि आठवड्यातून दोनदा नवा माल दुकानात येई. दुकानाची जोखीम स्वतः घेतल्यामुळे दुकानाचे ज्ञानही त्या समूहाला मिळाले.

बेनेटनमध्ये ही माहिती दुकानदार, एजंट आणि कंपनी अशा तीन टप्प्यांतून येई. त्यातही एजंटचे उत्पन्न मागणीच्या आकारावर अवलंबून असल्याने, न खपलेल्या मालाची वार्ता वर पोहोचविण्यात त्याचे हित नसे. वर्षातील दोन मुख्य हंगामांभोवती आखलेले वेळापत्रक, महिने आधी नोंदविलेली मागणी आणि परत न घेतला जाणारा माल, ही १९७० च्या दशकातील बलस्थाने नव्या शतकात अडसर बनली. गेल्या हंगामाचा माल अंगावर असलेला दुकानदार पुढच्या हंगामात सावधपणे, म्हणजे नेहमीचाच माल, मागवीत असे. त्यामुळे दुकान जुनाट दिसे आणि ग्राहक आणखी दूर जाई.

आकडे बोलके आहेत. २००० मध्ये इन्डिटेक्सची विक्री सुमारे २६१ कोटी युरो आणि बेनेटनची सुमारे २०० कोटी युरो, म्हणजे दोन्ही समूह एकाच श्रेणीतील होते. २०२३ मध्ये इन्डिटेक्सची विक्री सुमारे ३,५९० कोटी युरोंवर गेली होती, तर बेनेटनची सुमारे ११० कोटींवर आली होती. नव्या शतकात बेनेटननेही स्वतःच्या मालकीची मोठी दुकाने उघडण्यास प्रारंभ केला. परंतु जुन्या दुकानदारांचे जाळे मोडणेही शक्य नव्हते आणि नव्या दुकानांचा खर्च पेलणेही अवघड जात होते.

भारतातील वाटचाल या संदर्भात नोंदविण्यासारखी आहे. १९९१ मध्ये डीसीएम समूहाशी भागीदारी करून बेनेटनने भारतात प्रवेश केला. उदारीकरणाच्या प्रारंभकाळात आलेल्या विदेशी वस्त्र-नाममुद्रांपैकी ती एक होती. २००४ च्या अखेरीस भारतीय कंपनी पूर्णतः बेनेटनच्या मालकीची झाली. युरोपात तिची ओढ ओसरत असताना भारतीय शहरांतील मध्यमवर्गीय तरुणांना ती नवी आणि आकर्षक वाटत होती, ही कालक्रमातील तफावत लक्षणीय आहे.

६. भांडवलाचे स्थलांतर

ऱ्हासाचे आणखी एक कारण कुटुंबाच्या गुंतवणुकीत सापडते. वस्त्रोद्योगातील नफा एडित्झिओने या कौटुंबिक सूत्रधारी कंपनीमार्फत इतरत्र गुंतविला जाऊ लागला. १९९० च्या दशकात इटलीच्या शासनाने अनेक सार्वजनिक उद्योगांचे खासगीकरण केले. १९९५ मध्ये महामार्गांवरील उपाहारगृहे चालविणारी ऑटोग्रिल ही कंपनी आणि १९९९ मध्ये टोल-महामार्ग चालविणाऱ्या ऑटोस्ट्राडे कंपनीचा सुमारे ३० टक्के हिस्सा बेनेटन कुटुंबाच्या नेतृत्वाखालील गटाकडे आला. दरम्यान, १९९१ मध्ये अर्जेंटिनातील पातागोनिया प्रदेशात सुमारे नऊ लाख हेक्टर जमीन असलेली कंपनीही कुटुंबाने विकत घेतली होती. तेथील मापुचे या आदिवासी समाजाशी जमिनीवरून झालेल्या संघर्षाने, मानवी ऐक्याचा संदेश देणाऱ्या नाममुद्रेपुढे अवघड प्रश्न उभे केले.

महामार्गाचा टोल हे मक्तेदारीचे उत्पन्न होते. स्वेटरच्या धंद्याप्रमाणे दर हंगामाला ग्राहकाची मर्जी सांभाळण्याची गरज तेथे नव्हती. भांडवल त्या दिशेने वळणे आर्थिकदृष्ट्या समजण्यासारखे होते. परंतु ज्या काळात वस्त्रोद्योगाला दुकाने, माहितीयंत्रणा आणि नव्या रचनांसाठी मोठ्या गुंतवणुकीची गरज होती, त्याच काळात तो कुटुंबाच्या संपत्तीतील दुय्यम भाग बनला. २०१२ मध्ये कंपनीचे समभाग शेअर बाजारातून काढून घेण्यात आले.

७. अंतराची किंमत : २०१३ ते २०२४

१९९० च्या दशकापासून कंपनीने उत्पादनाचा वाढता भाग क्रोएशिया, हंगेरी, ट्युनिशिया आणि आशियाई देशांत नेला. २००५ च्या प्रारंभी वस्त्रव्यापारावरील आंतरराष्ट्रीय कोटापद्धती संपल्यानंतर हा प्रवाह वाढला. व्हेनेतोतील अनेक छोट्या विणाई-कारखान्यांचे काम त्यामुळे संपले. आपल्या गावातील कारखाना आणि समुद्रापलीकडील कारखाना यांत एक मोठा फरक होता. पहिल्याची स्थिती मालकाला ठाऊक असे, दुसऱ्याची ठाऊक असेलच असे नव्हते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. तेथील कारखान्यांशी आपला संबंध नसल्याचे बेनेटनने प्रारंभी सांगितले. ढिगाऱ्यात नाममुद्रेच्या पट्ट्या असलेली वस्त्रे सापडल्यानंतर, एका पुरवठादारामार्फत तेथे एकदाच काम दिले गेल्याचे मान्य करण्यात आले. २०१५ मध्ये कंपनीने पीडितांच्या निधीस ११ लाख डॉलर दिले.

१४ ऑगस्ट २०१८ रोजी जिनोव्हा शहरातील मोरांदी पूल कोसळून ४३ जण मृत्युमुखी पडले. हा पूल ऑटोस्ट्राडे कंपनीच्या देखभालीखाली होता आणि तेव्हा त्या कंपनीचे सर्वांत मोठे भागधारक बेनेटन कुटुंब होते. स्वेटर तयार करणाऱ्या कंपनीचा पुलाशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. परंतु नाव एकच होते आणि लोकक्षोभ त्या नावावर केंद्रित झाला. त्याच वर्षी, पुलाच्या दुर्घटनेपूर्वी जुलैत कार्लो यांचे आणि नंतर ऑक्टोबरमध्ये जिल्बेर्तो यांचे निधन झाले. पुढे २०२२ मध्ये ऑटोस्ट्राडेमधील नियंत्रक हिस्सा इटलीच्या शासकीय वित्तसंस्थेच्या नेतृत्वाखालील गटाला विकण्यात आला.

२०१८ च्या प्रारंभी ८२ वर्षांच्या लुचियानो यांनी वस्त्रकंपनीची सूत्रे पुन्हा हाती घेतली होती आणि तोस्कानी यांनाही परत बोलाविले होते. हे पुनरागमन यशस्वी झाले नाही. २०२० च्या फेब्रुवारीत मोरांदी पुलाविषयी तोस्कानी यांनी केलेल्या बेपर्वाईच्या विधानानंतर कंपनीने त्यांच्याशी संबंध तोडले. मे २०२४ मध्ये लुचियानो यांनी एका इटालियन वृत्तपत्राला मुलाखत देऊन, हिशेबात सुमारे दहा कोटी युरोंचे भगदाड असल्याचे आणि व्यवस्थापकांनी आपला विश्वासघात केल्याचे सांगितले व पद सोडत असल्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या नव्या व्यवस्थापनाने तोट्यातील शेकडो दुकाने बंद करण्याचा मार्ग स्वीकारला.

या मुलाखतीतील आरोपांची सत्यासत्यता हा स्वतंत्र विषय आहे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, संस्थापकालाच आपल्या कंपनीची खरी स्थिती उशिरा कळली असे त्याने स्वतः सांगितले. दुकानांची आणि कारखान्यांची वार्ता उशिरा कळण्याची जी सवय या व्यवस्थेत अनेक दशके होती, ती अखेरीस मुख्यालयाच्या हिशेबापर्यंत पोहोचली, असे म्हणता येईल.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, बेनेटनचा उदय केवळ एका कल्पक कुटुंबाचे कर्तृत्व नव्हता. व्हेनेतोतील शेतकरी कुटुंबांचे श्रम, छोट्या उद्योगांना अनुकूल कायदे आणि १९७० च्या दशकातील कामगारसंघर्षांची पार्श्वभूमी यांचाही त्यात तितकाच वाटा होता. दुसरा असा की, वादग्रस्त जाहिराती हे ऱ्हासाचे मूळ कारण नसून, निर्णय एकाकडे आणि परिणाम दुसऱ्याकडे, या व्यापक व्यवस्थेचा त्या एक भाग होत्या. तिसरा आणि मुख्य निष्कर्ष असा की, जोखीम आणि ज्ञान या गोष्टी परस्परांपासून वेगळ्या करता येत नाहीत. जो तोटा सोसतो त्यालाच बाजार प्रथम कळतो. तोटा दुसऱ्यावर सोपविणाऱ्याला तो शेवटी कळतो.

तोस्कानी यांचे १३ जानेवारी २०२५ रोजी निधन झाले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांच्या छायाचित्रांची आठवण काढली. त्या छायाचित्रांत जगातील बहुतेक सर्व वर्णांची आणि थरांची माणसे होती. पोंझानोच्या परिसरात घरी बसून स्वेटर जोडणाऱ्या स्त्रिया आणि न खपलेला माल फळीवर घेऊन बसलेले दुकानदार त्यांत नव्हते. बेनेटनचा आर्थिक इतिहास लिहिताना मात्र त्यांनाच केंद्रस्थानी ठेवावे लागते.